खाडीच्या अलीकडे बहिष्कार मागताना

कोल्हापुरात परत आल्यापासून शाळेतल्या बायका विचारतात, "मुंबई कशी वाटली?" मी सांगते, मी मुंबईला गेलेच नव्हते. मुंबईच्या समोर, खाडीच्या अलीकडे, एक नवं शहर उभं राहतंय, तिथं आठवडाभर राहून आले. ते ऐकून त्यांचा उत्साह मावळतो. समुद्र नाही, राणीची बाग नाही, मग सांगण्यासारखं काय असणार? म्हणून हे लिहून काढते आहे.

आमची समिती लहान. दोन प्राध्यापक, एक वकील, पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारी मी. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या राजवटीवर जगानं आर्थिक बहिष्कार घालावा, हे आमचं मागणं. तिथं काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात फिरायला पास लागतो. त्याला मत नाही, आणि जो बोलतो तो तुरुंगात जातो. असं राज्य चालवणाऱ्यांच्या हाती आता अणुबॉम्ब येऊ घातलाय. युरेनियम त्यांच्या जमिनीतच आहे. वाळवंटात चाचणीसाठी खणलेले खड्डे उपग्रहातून दिसलेत. यंत्रं देणारे देश तोंडानं निषेध करतात आणि हातानं माल पाठवतात.

आपल्या सरकारनं त्यांच्याशी व्यापार केव्हाच थांबवला आहे. मग आपण आणखी काय करायचं? तर ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखान्यांची रांग आहे, आणि त्यातल्या कित्येकांचे भागीदार परदेशी. पंप बनवणाऱ्या एका कारखान्याची परदेशातली मूळ कंपनी त्या राजवटीलाही माल विकते, असं आम्हाला कळलं होतं. इथल्या कामगारांनी 'विकू नका' असा ठराव केला, तर तो त्या कंपनीच्या तिकडच्या कामगारांपर्यंत पोचवायची सोय होती.

आम्ही तिघं जाणार होतो. एका प्राध्यापकांना कावीळ झाली, दुसऱ्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं. "तुम्ही एकट्या जाल का?" वकीलसाहेबांनी विचारलं. ते आमचे अध्यक्ष. आषाढात माझी आई गेली. घरात आम्ही दोघीच होतो. नको म्हणायला घरात कुणी उरलंच नव्हतं. दिवाळीची सुट्टी होती. गेले.

दोन तुर्भी

पंप कारखान्याच्या युनियनचे सेक्रेटरी दत्ता म्हात्रे मला तुर्भ्याच्या नाक्यावर भेटणार होते. एसटी पहाटे तिथूनच पुढं जाते, पण मला झोप लागली. जाग आली तेव्हा गाडी खाडीचा पूल ओलांडून चेंबूरला पोचली होती. उतरून एकाला विचारलं, "तुर्भ्याला कुठली बस?" त्यानं लगेच बसवून दिलं.

बस थांबली ती उंच भिंतीपाशी. बंदूकधारी पहारेकरी, मागं हिरवी टेकडी आणि झाडांवरून डोकावणारा एक मोठा पांढरा घुमट. मग उमगलं. हे दुसरं तुर्भे, इंग्रजीत ज्याला ट्रॉम्बे म्हणतात ते. आपली अणुभट्टी. आणि माझ्या काखोटीला गुंडाळलेला फलक, त्यावर लाल अक्षरांत 'अणुबॉम्ब नको'.

पहारेकरी जवळ आला. "किधर जाना है, बहनजी?"

"तुर्भे."

"ये तुर्भे ही है." मग त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि हसला. "खाडी के उस पारवाला? रोज कोई ना कोई आता है."

फलकात काय आहे ते त्यानं विचारलं नाही. परतीच्या बसपर्यंत पोचवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "माताजी को ठीक से उतारना." बहनजीची माताजी व्हायला मला दहा पावलंही लागली नाहीत.

दुपारी खऱ्या तुर्भ्याला पोचले तेव्हा नाक्यावर कांद्याबटाट्याचे ट्रक होते, हमाल होते. दत्ता म्हात्रे नव्हते. वाट पाहून कामावर गेले असणार.

वाशी

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या भावानं वाशीला फ्लॅट घेऊन ठेवलाय, तो राहायला मिळाला होता. वाशी पाहून मला आधी वाटलं, इथं कसली तरी साथ आली असावी. आमच्या महाद्वार रोडवर चार माणसं शेजारून चालू शकत नाहीत. इथं रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये, आणि पलीकडे माणूसच नाही. इमारतींना नावं नाहीत, नंबर. सगळ्या एका साच्यातल्या. संध्याकाळी दिवे लागले की कळतं किती घरांत माणसं आहेत. एका भिंतीवर तीन खिडक्या उजळतात, बाकीची भिंत काळी.

पहिल्याच दिवशी मी कुलपाशी झटापट करत बसले. किल्ली फिरेना. तेवढ्यात शेजारचं दार उघडून एक बाई बाहेर आल्या.

"कोण पायजे?"

मी नंबर सांगितला.

"अहो, ती बाजूची बिल्डिंग. ही नव्हे." त्या हसल्या नाहीत, उलट माझी पिशवीच हातात घेतली. "चला, आधी चहा घ्या. टेन्शन घेऊ नका. माझे मिस्टर पण दोनदा भलत्याच जिन्यानं वर गेलेत."

या सुनंदा परुळेकर. गिरगावातल्या चाळीतून सहा महिन्यांपूर्वी आलेल्या. नवरा फोर्टात कारकून, सकाळी जातो तो दिवे लागल्यावर येतो. मूलबाळ नाही. त्या इतक्या भरभर बोलत होत्या, जणू सहा महिन्यांचं बोलणं तुंबलं होतं.

"चाळीत कधी एकदा स्वतःचा संडास मिळतोय असं झालं होतं. आता दोन खोल्या, स्वतःचा संडास, गॅलरी. आणि दिवसभर तोंडातून शब्द नाही. सोसायटीत आपण धरून चार बिऱ्हाडं. पोस्टमन आला तरी मी त्याला बसवते."

मी का आले ते सांगितलं. त्या लक्षपूर्वक ऐकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला खाडीवर घेऊन गेल्या. ओहोटी होती. काळ्या चिखलात बगळे उभे होते. पलीकडे सूर्य बुडत होता आणि त्याच्यापुढं तोच पांढरा घुमट.

"एक विचारू का?" सुनंदाबाई म्हणाल्या. "राग मानू नका. ते वाईट आहेत, त्यांना बॉम्ब नको, हे पटलं. पण पोखरणला आपण पण फोडलाच की. तेव्हा आम्ही चाळीत पेढे वाटले होते."

कोल्हापुरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. वर्गात मुलींनी विचारला असता तर 'शांततेसाठी केलेला स्फोट' हे पुस्तकातलं उत्तर मी दिलं असतं. त्या चिखलाच्या काठावर ते तोंडात येईना.

"मला तोही नको होता," मी म्हटलं. "पण त्या दिवशी शाळेत पेढा मिळाला तो मी खाल्ला."

आम्ही अंधार पडेपर्यंत उभ्या राहिलो. मग त्या घरी स्वयंपाकाला गेल्या आणि मी माझ्या जिन्यानं वर. त्या फ्लॅटमध्ये खुर्चीसुद्धा नव्हती. सतरंजीवर बसून कामगारांपुढं करायचं भाषण मोठ्यानं म्हटलं. रिकाम्या खोलीत आवाज घुमला, तेव्हा हळू म्हटलं.

शिरवणे

तिसऱ्या दिवशी दत्ता म्हात्रे सापडले. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. मी तुर्भ्याचा घोटाळा सांगितला तर रस्त्यात पोट धरून हसला. "मॅडम, तुमी बॉम्ब नको म्हनून बोर्ड घेऊन अनुभट्टीवर गेलाव? एकल्या?"

शिरवण्याला त्याचं घर. गाव जुनं, भातशेतीचं आणि मिठागरांचं. आता चारी बाजूंनी शहराच्या आखणीनं वेढलेलं. गावाबाहेर पडलं की शेत लागायचं तिथं आता तारेचं कुंपण आणि कारखान्याची चिमणी. शेती गेली त्या बदल्यात दत्ताला पंपाच्या कारखान्यात नोकरी मिळाली. गावातल्या सगळ्यांना मिळाली नाही.

त्याच्या आईनं जेवू घातलं. तांदळाची भाकरी, पांढरीशुभ्र आणि मऊ, आणि खाडीतल्या जिताडा माशाचं लालभडक कालवण. आमच्या तांबड्या रश्श्याची मला घमेंड होती. दुसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, तिसऱ्याला काटा घशात अडकला. म्हातारीनं भाताची मूद करून माझ्या तोंडात कोंबली. "गिल, नुसता गिल. चावू नको." काटा उतरला. परक्या बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. आई गेल्यापासून तसा हात कुणी फिरवला नव्हता, आणि मी घटाघटा पाणी प्यायले ते काट्यामुळं नव्हे.

जेवणानंतर मी बहिष्काराच्या विनंतीचा कागद पुढं केला. गावातल्यांच्याही सह्या घ्यायच्या होत्या. म्हातारीनं हात पदराखाली घेतला.

"आंगठा? नाय बाय. दत्ताच्या बापानं आंगठा केला न शेत गेला. आता मी कुठंच करनार नाय."

"आजी, हे जमिनीचं नाही."

"तवा पन कागदच व्हता," ती म्हणाली. शेजारच्या ओट्यांवरच्या बायकांनीही माना हलवल्या. शिरवण्यात मला एकही सही मिळाली नाही. मात्र मी निघताना दत्ता म्हणाला, "गावाचं सोडा. कारखान्याच्या ठरावाचं मी बघतो. पन आमचे निम्मे लोक दिघ्याला ऱ्हातात. त्यांना तुमी समजवा."

दिघा

दिघ्याला जायचं म्हणजे सगळी कारखान्यांची रांग ओलांडायची. हवेला दर मैलाला निराळा वास. कुठं सडक्या अंड्याचा, कुठं गोडसर, आणि तो गोडसर वास जास्त भिववतो. डोळे चुरचुरतात. पारसिकच्या डोंगरात खाणीचे सुरुंग उडतात, त्याच्या पायथ्याशी दाटीवाटीनं घरं. पत्रा, विटा, बारदान. शहराच्या नकाशावर जिथं मोकळी जागा दाखवली आहे तिथं माणसं नाहीत, आणि माणसं आहेत तिथं नकाशा कोरा.

किसन खरात पंपाच्या कारखान्यात ओतकामाला आहे. त्याचं घर जालन्याकडचं, बौद्ध कुटुंब. दहा बाय दहाची खोली, फळीवर बुद्धाची पितळी मूर्ती, तिच्यापुढं ताजं फूल. किसन, त्याची बायको आणि त्याची आई सखूबाई. आजूबाजूचे वीसेक लोक दाराशी जमले. मी आफ्रिकेचा नकाशा टांगला आणि बोलायला लागले. पासाचं सांगितलं, वेगळ्या वस्त्यांचं, वेगळ्या नळांचं सांगितलं. लोक मान डोलवत होते. सगळ्या दौऱ्यात पहिल्यांदाच मला काही समजावून सांगावं लागत नव्हतं.

"म्हणून आमचं म्हणणं," मी आवाज चढवला, "सगळ्या जगानं त्यांच्यावर संपूर्ण बहिष्कार घातला पाहिजे!"

"कामून?" चुलीपाशी बसलेल्या सखूबाईनं विचारलं. मला वाटलं ऐकू आलं नसेल. मी पुन्हा सांगितलं.

"ऐकलं म्या. बहिष्कार म्हंजी काय ते तुमी सांगू नका, बाई. आमच्यावर घातलाय गावानं."

ती उठली नाही, आवाजही वाढवला नाही.

"ह्याच्या बापानं गावकीचं काम सोडलं. मेलेलं ढोर वढनार न्हाई म्हनला. झालं. गिरनीवाल्यानं दळन घेतलं न्हाई. दुकानदार मीठ देईना. रानात पाय ठिवू देईनात. पाटलाच्या घरी काय कमी पडलं व्हय? त्याच्या कनग्या भरल्याल्या. माझी धाकली लेक तापानं गेली. वैद्यानं दार लावून घेतलं." तिनं जाळ आत सारला. "तुमी तितं दार लावाल, तर मरंल कोन? गोरा न्हाई मरायचा."

माझ्याजवळ उत्तर तयार होतं. समितीत आम्ही ते अनेकदा घोकलं होतं. तिथल्या काळ्या लोकांचे पुढारी स्वतःच बहिष्कार मागताहेत; हाल आम्ही आधीच सोसतो आहोत, आणखी सोसू, पण ही राजवट जाऊ दे, असं ते म्हणतात. मी तेच सांगितलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

किसन म्हणाला, "आये, त्यांनीच मागितलाय. आपल्यावर घालताना आपल्याला इचारलं व्हतं का? हे येगळं हाय."

"पुढाऱ्यानं मागितला. त्याच्या दारातल्या तान्ह्या लेकराची माय काय म्हनती, ते इचारलं का?"

"आन् बॉम्ब टाकला तर? मंग कुठलं लेकरू उरतंय?" किसन म्हणाला.

"मंग बॉम्बाची यंत्रं देऊ नका! लोखंड देऊ नका, तेल देऊ नका. दळन आन् औशीद कामून बंद करता?"

मायलेक भांडत राहिले. लोक दोन्हीकडून बोलायला लागले. मी नकाशापाशी उभी होते आणि कुणाचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. शेवटी किसनच्या बायकोनं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. घर सोडल्यापासूनची पहिली ज्वारी. रेशनची होती, जरा कडवट, पण बोटांना ओळखीची. मी मान खाली घालून खाल्ली. सखूबाईनं दुसरी भाकरी टाकली. "खावा. भांडन भांडनाच्या जागी."

त्या दिवशी परतताना बसमध्ये मी ठरावाचा छापील मसुदा काढला. 'संपूर्ण बहिष्कार' या शब्दांवर काट मारली आणि समासात लिहिलं: शस्त्रं, यंत्रं, तेल आणि युरेनियमचा व्यवहार बंद, धान्य आणि औषधं वगळून. अध्यक्षांना विचारायला हवं होतं. वाशीहून ट्रंक कॉल लागला नाही, आणि खरं तर लागला नाही ते बरंच वाटलं.

फाटकाबाहेर

सभा दुपारची पाळी बदलताना, फाटकाबाहेरच्या रस्त्यावर ठरली. दत्तानं पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "मॅडम, गटाराच्या अलीकडं उबं ऱ्हायचं. पलीकडं कंपनीची हद्द." आम्ही पिंपळाच्या एका रोपट्यापाशी, सरकारी डांबरावर उभे राहिलो. आदल्या दिवशी मॅनेजरनं त्याला बोलावून विचारलं होतं की आफ्रिकेशी तुझा संबंध काय. त्यानं हे मला सभेच्या आधी पाच मिनिटं सांगितलं.

"मग नको करूया," मी म्हटलं.

"आता?" तो म्हणाला. "लोक जमलेत."

मी थोडंच बोलले. भोंग्यानं, ट्रकांनी निम्मं गिळलं. मग दत्तानं ठराव वाचला. कुणीतरी ओरडलं, "कंपनीची ऑर्डर गेली तर आपला बोनस?" दुसरा म्हणाला, "काम जाईल म्हनून कोनाला बॉम्ब बनवून द्यायचा काय?" हशा झाला, तो लगेच विरला. किसन पुढं आला आणि धान्य-औषधांची ओळ त्यानं पुन्हा मोठ्यानं वाचायला लावली. मग हात वर झाले. आधी दिघ्याचे, मग शिरवण्याचे, मग इकडून तिकडून. सगळे नाही. बरेच जण चपलांकडं पाहत उभे होते. पण ठराव झाला.

भोंगा वाजला. अर्धे आत गेले, अर्धे घरी. मिनिटभरात रस्ता ओस पडला. मी फलकाची काठी धरून उभी. विजयाच्या दिवशी कुणाशी तरी बोलायचं असतं. वाशीला आले तर सुनंदाबाईंच्या दाराला कुलूप होतं. चिठ्ठी होती: गिरगावात तुळशीचं लग्न आहे, उद्या येते.

परत

निघायच्या दिवशी दत्ता मला नाक्यावर पोचवायला आला, कामाच्या वेळेत. मी विचारलं, सुट्टी काढलीत का?

"सस्पेंड केलाय. काल चार्जशीट दिली. आवारात सभा घेतली, कामात अडथला आनला."

"आवारात? आपण तर रस्त्यावर होतो!"

"व्हतो ना. पन सांगनार कोन? आतले लोक साक्ष द्यायला घाबरतात. त्यांनाही घरं हायेत." त्यानं माझी पिशवी गाडीत चढवली. "चौकशी ठेवलीय पुढच्या महिन्यात. तुमी जा, मॅडम. उशीर व्हईल."

गाडी हलली. पनवेलपर्यंत मी आफ्रिकेचा विचार केला नाही. सखूबाईच्या प्रश्नाचं उत्तर शोधत मी परत निघाले होते, आणि दार बंद झालं होतं ते दत्ताचं. मी मागितलेल्या गोष्टीची झळ पहिल्यांदा लागली ती शिरवण्याच्या म्हातारीच्या चुलीला.

कोल्हापुरात सकाळी उतरले ती थेट वकीलसाहेबांकडं गेले. त्यांनी ठराव वाचला. समासातल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे समितीचं धोरण नाही."

"दिघ्याच्या लोकांचं आहे. तसंच पाठवा. नाहीतर मी पाठवीन." मग दत्ताचं सांगितलं.

"वाईट झालं," ते म्हणाले. मनापासून म्हणाले. "पण तो त्यांच्या युनियनचा प्रश्न. आपण एक निषेधाचं पत्र देऊ."

"पत्राची उलटतपासणी घेता येत नाही, तुम्हीच सांगता ना? मी तिथं उभी होते. गटार कुठं होतं आणि आम्ही कुठं होतो, ते मी पाहिलंय."

ते चष्मा पुसत राहिले. बरोबर येतो असं कुणी म्हणालं नाही, तेव्हाही नाही आणि नंतर समितीच्या बैठकीतही नाही.

दत्ताला कार्ड टाकलं आहे. मुख्याध्यापिकाबाईंना रजेचा अर्ज द्यायचा होता. कारणापुढं आम्ही सगळ्याजणी वर्षानुवर्षं 'घरगुती' एवढंच लिहीत आलो. मी लिहिलं, 'साक्ष देण्यासाठी.' बाईंनी तो दोनदा वाचला, मग माझ्याकडं न बघता सही केली आणि विचारलं, "राहाल कुठं?"

"शिरवण्याला," मी म्हटलं. "एका आजींकडं."